प्रकाशाचा आवाज ऐकणारे ग्रॅहम बेल आणि तुमच्या रक्तवाहिन्या

सुई न टोचता, चिरा न देता आणि क्ष-किरणही न वापरता रक्तवाहिनीत काय चालले आहे ते कळू शकेल का? मधुमेहाचे रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक हा प्रश्न बऱ्याचदा विचारतात. पायाचे बोट काळे पडू लागले की प्रश्न आणखी घाईचा होतो. काहींनी मोबाईलवर लेझरने रक्तवाहिन्या दिसतात असे वाचलेले असते आणि ती तपासणी आपल्याला मिळेल का, हे त्यांना जाणून घ्यायचे असते.

अशी तपासणी खरोखरच आहे. तिचे नाव फोटोअकूस्टिक इमेजिंग. लेझरच्या क्षणभराच्या प्रकाशाने रक्त अगदी किंचित तापते, तापल्यामुळे किंचित फुगते आणि त्या फुगण्याचा बारीक आवाज त्वचेवर ठेवलेले यंत्र ऐकते. प्रकाशातून निघणारा हा आवाज ज्यांनी पहिल्यांदा ऐकला त्यांचे नाव तुम्हाला शाळेपासून माहीत आहे, पण ते टेलिफोनसाठी. ते म्हणजे अलेक्झांडर ग्रॅहम बेल. क्षयरोग, बहिरेपण, न सापडलेली बंदुकीची गोळी, तान्ह्या मुलाचा मृत्यू आणि शेवटी मधुमेह, असे त्यांचे आयुष्य आजारांच्या सोबतीने गेले. म्हणून या लेखात त्यांचे चरित्र आपण आरोग्याच्या बाजूने वाचणार आहोत. लेखाच्या शेवटी या नव्या तपासणीतून तुम्हाला आज काय मिळू शकते आणि काय नाही, तेही पाहू.

आईचे कान आणि दोन भाऊ

बेल यांचा जन्म ३ मार्च १८४७ रोजी स्कॉटलंडमधील एडिंबरा येथे झाला. वडील उच्चारशास्त्राचे शिक्षक होते. कोणता आवाज काढताना ओठ, जीभ आणि घसा कसे हलतात हे चिन्हांनी लिहून दाखवणारी एक लिपी त्यांनी तयार केली होती. आई एलायझा यांना ऐकू फार कमी येत असे. इतर लोक त्यांच्याशी बोलताना कानाला लावलेल्या नळीत मोठ्याने बोलत. लहानगा अलेक मात्र आईच्या कपाळाजवळ तोंड नेऊन खालच्या पट्टीत हळू बोलत असे. आवाज म्हणजे थरथर आहे आणि ती थरथर कानाखेरीज दुसऱ्या वाटेनेही पोहोचू शकते, ही समज त्यांना घरातच आली. कानाची तपासणी करताना आम्ही डॉक्टर ट्यूनिंग फोर्क कानामागच्या हाडावर टेकवतो, त्यामागे हेच तत्त्व आहे.

त्यांच्या घरावर क्षयरोगाने दोनदा घाला घातला. १८६७ साली धाकटा भाऊ एडवर्ड गेला आणि १८७० साली थोरला मेलव्हिल गेला. क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी शोधला तो १८८२ साली, आणि त्यावर पहिले खरे औषध मिळायला १९४० चे दशक उजाडले. म्हणजे बेल कुटुंबाच्या हाती हवापालटाशिवाय काहीही नव्हते. अलेकचीही तब्येत ढासळू लागली, तेव्हा उरलेला एकुलता एक मुलगा वाचावा म्हणून आईवडिलांनी १८७० मध्ये देश सोडला आणि ते कॅनडातील ब्रँटफर्ड येथे जाऊन राहिले. तुमच्या घरात कोणाला क्षयाच्या गोळ्या चालू असतील तर एवढे लक्षात घ्या, ज्या औषधासाठी त्या आईवडिलांनी सर्वस्व दिले असते ते आज सरकारी दवाखान्यात मोफत मिळते. बरे वाटू लागले म्हणून ते मध्येच बंद करू नका.

मृताचा कान आणि टेलिफोन

१८७१ साली बेल अमेरिकेतील बोस्टन येथे बहिऱ्या मुलांना बोलायला शिकवू लागले. त्यांच्या विद्यार्थिनींमध्ये मेबल हबर्ड ही मुलगी होती. पाच वर्षांची असताना स्कार्लेट फीवर नावाच्या तापामुळे तिचे ऐकणे कायमचे गेले होते. १८७७ साली बेल यांनी तिच्याशी लग्न केले. ज्या माणसाने जगाला दूरचा आवाज ऐकवला, त्याच्या आईला आणि पत्नीला तो ऐकता येत नव्हता.

१८७४ साली क्लॅरेन्स ब्लेक नावाच्या कानाच्या डॉक्टरांनी बेल यांना मृतदेहातून काढलेला मानवी कान मिळवून दिला. बेल यांनी त्याच्या आतल्या हाडाला गवताची काडी चिकटवली आणि काडीचे टोक काजळी धरलेल्या काचेवर टेकवले. कानाशी बोलले की पडदा हलायचा, हाडे हलायची आणि काजळीवर नागमोडी रेघ उमटायची. कागदासारखा पातळ पडदा जर हाडे हलवू शकतो, तर मोठा पडदा लोखंडाचा तुकडाही हलवू शकेल आणि त्यातून विजेच्या प्रवाहात आवाजाचा चढउतार उतरेल, हा विचार त्यांना इथे सुचला. ७ मार्च १८७६ रोजी त्यांना टेलिफोनचे पेटंट मिळाले. त्या यंत्राच्या पोटात कानाचा अभ्यास होता.

उन्हाच्या तिरिपीतून निघालेला आवाज

टेलिफोनने पैसा आणि कीर्ती दिली. १८८० साली फ्रान्सने त्यांना व्होल्टा पारितोषिक दिले. त्या पैशांतून त्यांनी वॉशिंग्टन येथे प्रयोगशाळा उभी केली. तिथे चार्ल्स समनर टेंटर यांच्यासोबत त्यांनी तारेशिवाय, केवळ उन्हाच्या झोतावरून बोलणे पाठवण्याचे यंत्र बनवले. त्याचे नाव फोटोफोन. जून १८८० मध्ये एका शाळेच्या गच्चीवरून दोनशे मीटरहून जास्त अंतरावरच्या प्रयोगशाळेपर्यंत त्यांनी उजेडातून शब्द पोहोचवले. या शोधाचे त्यांना इतके कौतुक होते की त्याच वर्षी जन्मलेल्या मुलीचे नाव फोटोफोन ठेवावे असे त्यांच्या मनात आले. मेबलबाईंनी ते होऊ दिले नाही.

याच कामात त्यांच्या लक्षात एक चमत्कारिक गोष्ट आली. भोके पाडलेली चकती उन्हाच्या झोतासमोर भरभर फिरवली, म्हणजे प्रकाश चालू-बंद, चालू-बंद होत राहिला आणि तो एखाद्या वस्तूवर पडला, तर ती वस्तू स्वतःच आवाज करते. ना तार, ना बॅटरी. त्यांनी रबर, लाकूड, धातू, लोकर, रेशीम असे कितीतरी पदार्थ तपासले. गडद रंगाचे आणि सच्छिद्र पदार्थ जास्त मोठ्याने बोलत. काजळीचा आवाज सगळ्यांत मोठा निघाला. डोळ्यांना न दिसणाऱ्या उष्ण किरणांनीही आवाज होतो, हेही त्यांना आढळले. हे निष्कर्ष त्यांनी १८८० आणि १८८१ साली प्रसिद्ध केले.

असे का होते? तुमच्या घरावर पत्रा असेल तर सकाळी ऊन चढू लागले की तो तडतडतो, हे तुम्ही ऐकले असेल. तापला की पत्रा पसरतो, आणि पसरताना आवाज करतो. पावसाळ्यात वीज चमकते तेव्हाही हेच घडते. विजेने हवा एका क्षणात प्रचंड तापते, झटक्यात फुगते आणि आपल्याला गडगडाट ऐकू येतो. काळे कापड उन्हात पांढऱ्यापेक्षा जास्त तापते, म्हणून काजळीचा आवाज मोठा. उष्णता एकदाच देऊन सोडली तर वस्तू फक्त गरम होते. ती थांबून थांबून, झटक्यांनी दिली तर वस्तू व तिच्या जवळची हवा फुगते, आकसते आणि थरथरते.

हे उदाहरण ध्यानात ठेवा. पुढे रक्तवाहिन्यांकडे वळल्यावर ते पुन्हा लागणार आहे.

न सापडलेली गोळी

२ जुलै १८८१ रोजी वॉशिंग्टनच्या रेल्वे स्टेशनवर अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जेम्स गारफिल्ड यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. एक गोळी पाठीतून आत शिरून राहिली. ती कुठे आहे हे पाहण्यासाठी डॉक्टरांनी जखमेत न धुतलेली बोटे आणि सळया पुन्हा पुन्हा घातल्या. हात आणि हत्यारे निर्जंतुक करण्याची लिस्टर यांची पद्धत तेव्हा माहीत झाली होती, पण अमेरिकेतील अनेक डॉक्टर ती मानत नव्हते.

बेल यांना हे पाहवेना. शरीर न उघडता आतला धातू शोधता आला पाहिजे, असे त्यांना वाटले. टेलिफोनच्या विद्येतून त्यांनी काही आठवड्यांत धातुशोधक यंत्र तयार केले. धातूजवळ नेले की त्यातून आवाज येई. ज्यांच्या अंगात युद्धातील जुन्या गोळ्या राहिल्या होत्या अशा सैनिकांवर ते तपासून पाहिले आणि ते चालले. मात्र राष्ट्राध्यक्षांवर २६ जुलैला आणि पुन्हा १ ऑगस्टला केलेली तपासणी फसली. गादीखाली पोलादी तारांची आणखी एक गादी होती, हे बेल यांना नंतर कळले. शिवाय मुख्य डॉक्टरांना गोळी उजव्या बाजूला असल्याची खात्री होती, म्हणून शोध त्याच बाजूला घेतला गेला. गारफिल्ड १९ सप्टेंबरला गेले. शवविच्छेदनात गोळी डाव्या बाजूला सापडली. ती तिथे तशीच राहिली असती तरी कदाचित ते वाचले असते. जखमेतील पू आणि जंतुसंसर्गाने त्यांचे शरीर पोखरले होते.

या प्रसंगातून रुग्णांनी दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. पहिली, तपासणी जिथे केली तेवढ्याच जागेबद्दल सांगते. उजव्या पायाचा डॉप्लर चांगला आला म्हणून डावा पाय चांगला ठरत नाही. दुसरी, तपासणीआधी सगळी माहिती सांगा. अंगात सळई, प्लेट, पेसमेकर किंवा स्टेंट असेल तर ते विचारण्याची वाट पाहू नका. गादीखालच्या तारांसारखी छोटी गोष्ट संपूर्ण तपासणी फोल ठरवू शकते.

त्याच ऑगस्टमध्ये बेल यांच्या घरी मुलगा झाला. एडवर्ड त्याचे नाव. श्वास नीट न घेता आल्यामुळे तो जन्माच्याच दिवशी दगावला. दुःखात बुडालेल्या बापाने त्यानंतर छातीभोवती बसवायचे धातूचे जाकीट बनवले. त्यातील हवा पंपाने कमी-जास्त केली की छाती वरखाली होते आणि श्वास चालतो, अशी ती कल्पना. पुढे अनेक वर्षांनी पोलिओच्या रुग्णांना जगवणारी लोखंडी फुप्फुसे याच तत्त्वावर चालली.

१९०३ साली त्यांनी आणखी एक सूचना केली. कर्करोगाच्या गाठीवर बाहेरून किरण टाकण्याऐवजी काचेच्या बारीक नळीत रेडियमचा कण बंद करून तो गाठीतच ठेवला तर? आज गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी ब्रेकीथेरपी देतात, तिच्यामागे असाच विचार आहे.

त्यांची एक बाजू मात्र झाकून ठेवता येणार नाही. बहिऱ्या मुलांनी खुणांची भाषा सोडून ओठ वाचून बोलावे, असा त्यांचा आग्रह होता. बहिऱ्या माणसांनी एकमेकांशी लग्न करू नये, असेही मत त्यांनी १८८३ साली मांडले. त्यामुळे बहिऱ्या समाजात आजही त्यांच्याबद्दल राग आहे आणि तो समजण्यासारखा आहे. तुमच्या घरात ऐकू न येणारे मूल असेल तर खुणांची भाषा हा कमीपणा नाही, ती पूर्ण भाषा आहे. श्रवणयंत्र किंवा कॉक्लियर इम्प्लांटसोबत ती शिकवता येते.

मधुमेह आणि शेवटची वर्षे

उतारवयात बेल कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावर बॅडेकजवळच्या घरी बराच काळ राहत. विमाने, पाण्यावरून धावणाऱ्या वेगवान बोटी, पतंग, मेंढ्यांची पैदास अशी असंख्य कामे चालू होती. दरम्यान त्यांना मधुमेह जडला. त्या काळी मधुमेहाला खाण्यापिण्यावर बंधने घालण्यापलीकडे उपाय नव्हता. सोबत परनिशियस ॲनिमिया हा ब जीवनसत्त्वाशी संबंधित रक्तक्षयही होता. २ ऑगस्ट १९२२ रोजी, वयाच्या ७५ व्या वर्षी, मधुमेहाच्या गुंतागुंतीने त्यांचे निधन झाले. ४ ऑगस्टला दफनाच्या वेळी उत्तर अमेरिकेतील टेलिफोन एक मिनिट बंद ठेवण्यात आले.

त्याच कॅनडात, टोरांटो येथे, ११ जानेवारी १९२२ रोजी १४ वर्षांच्या एका मुलाला जगात पहिल्यांदा इन्सुलिन टोचले गेले होते. म्हणजे बेल यांच्या मृत्यूआधी सात महिनेसुद्धा झाले नव्हते. पण ते सर्वांना मिळेल इतके तयार व्हायला आणखी वेळ लागला. परनिशियस ॲनिमियावर यकृताच्या आहाराचा उपाय १९२६ मध्ये सापडला आणि ब-१२ जीवनसत्त्व १९४८ मध्ये वेगळे काढता आले. इन्सुलिन मिळाले असते तर बेल वाचलेच असते, असे त्या वयात म्हणता येणार नाही. पण ज्या दोन आजारांनी त्यांना घेरले होते त्या दोन्हींवर आज तालुक्याच्या गावी उपचार होतात, हे मात्र खरे.

ब-१२ बद्दल एक सूचना. मेटफॉर्मिनची गोळी बरीच वर्षे घेणाऱ्या काही रुग्णांत ब-१२ कमी होते. त्यामुळे पायांना मुंग्या येतात आणि ते बधिर होतात. हा त्रास शुगरचाच आहे असे गृहीत धरू नका. डॉक्टरांना ब-१२ तपासायचे का ते विचारा. गोळी मात्र स्वतःहून बंद करू नका.

तो आवाज रुग्णाच्या त्वचेपर्यंत कसा पोहोचला

बेल यांनी ऐकलेला प्रकाशाचा आवाज जवळजवळ ८० वर्षे फारसा कामी आला नाही. सूर्यप्रकाश आणि फिरती चकती यांच्या जोरावर शरीरातील बारीक आवाज ऐकणे शक्य नव्हते. १९६० साली पहिला लेझर तयार झाला आणि चित्र बदलले.

इथे आपल्या पुणे जिल्ह्याचा एक माणूस येतो. कुमार पटेल यांचा जन्म १९३८ साली बारामतीत झाला. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकून ते अमेरिकेला गेले. बेल यांचेच नाव असलेल्या बेल लॅबोरेटरीजमध्ये १९६४ साली त्यांनी कार्बन डायऑक्साइड लेझर शोधला. शस्त्रक्रियेत हा लेझर पुढे खूप वापरला गेला. लेझरच्या उष्णतेतून निघणारा आवाज ऐकून पदार्थ ओळखण्याच्या पद्धतीवरही पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महत्त्वाचे काम केले. १९७० च्या दशकात फुग्यातून यंत्र वर पाठवून वातावरणाच्या उंच थरातील नायट्रिक ऑक्साइड त्यांनी याच पद्धतीने मोजला. हवेतला विरळ वायू ओळखता येतो, मग शरीरातले रक्त का नाही, या दिशेने जगभरातील संशोधक पुढच्या दशकांत वळले.

रक्त या कामाला योग्य आहे, कारण त्यातील हिमोग्लोबिन प्रकाश भरपूर शोषते. आजूबाजूचे मांस आणि पाणी त्यामानाने कमी शोषतात. बेल यांच्या प्रयोगात जे काम काजळीने केले, ते शरीरात रक्त करते.

तपासणी अशी होते. लेझरचा प्रकाश सेकंदाच्या अब्जांश भागांइतका अल्प वेळ त्वचेवर पडतो. रक्ताचे तापमान एका अंशाच्या हजाराव्या भागाच्या आसपास वाढते. तुम्हाला ते जाणवतही नाही. रक्त किंचित फुगते आणि सोनोग्राफीच्या जातीचा, आपल्या कानांना ऐकू न येणारा आवाज निघतो. तो त्वचेवरचे यंत्र टिपते. वीज चमकल्यावर गडगडाट किती सेकंदांनी आला यावरून ती किती लांब पडली याचा अंदाज आपण बांधतो ना? यंत्रही तेच करते. शरीरात आवाज सेकंदाला साधारण १,५०० मीटर जातो. आवाज यायला लागलेल्या वेळेवरून रक्तवाहिनी किती खोल आहे ते कळते आणि संगणक चित्र उभे करतो.

आणखी एक फायदा आहे. प्राणवायू असलेले आणि नसलेले हिमोग्लोबिन वेगवेगळ्या रंगांचा प्रकाश कमी-जास्त शोषते. कोविडच्या काळात बोटाला लावलेला ऑक्सिमीटर याच गुणावर चालतो. तो बोटातून पार झालेला प्रकाश मोजतो, तर ही तपासणी प्रकाशाने झालेल्या उष्णतेचा आवाज ऐकते. म्हणून रक्तवाहिनी कुठे आहे यासोबत त्या जागी प्राणवायू किती पोहोचतो, याचाही अंदाज मिळतो. मधुमेहात बारीक रक्तवाहिन्या खराब होतात, त्यामुळे संशोधकांना या तपासणीत रस आहे.

याच कुळातील दुसरी पद्धत आवाज न ऐकता उष्णता पाहते. लेझरने तापलेल्या रक्तवाहिन्यांची ऊब त्वचेपर्यंत किती वेळात येते ते इन्फ्रारेड यंत्राने टिपतात. चेहऱ्यावरच्या लालसर जन्मखुणांतील रक्तवाहिन्या किती खोल आहेत हे शोधण्यासाठी तिचा अभ्यास झाला आहे.

मर्यादाही समजून घ्या. प्रकाश शरीरात काही सेंटिमीटरच्या पुढे नीट पोहोचत नाही आणि खोल जाल तसा बारकावा कमी होतो. हाड आणि हवा आड आली की आवाज अडतो. त्वचेचा गडद रंगही प्रकाश शोषतो, त्यामुळे सावळ्या आणि काळ्या त्वचेत आतपर्यंत कमी प्रकाश जातो. आपल्याकडच्या लोकांसाठी हा मुद्दा महत्त्वाचा आहे. अमेरिकेत २०२१ साली स्तनातील गाठींच्या तपासणीसाठी अशा एका यंत्राला मान्यता मिळाली. पायांच्या रक्तवाहिन्यांसाठी मात्र ही अजून मुख्यतः संशोधनातील तपासणी आहे.

मग तुम्ही आज काय करायचे?

ही तपासणी मिळाली नाही म्हणून तुमचे काही अडले आहे, असे समजू नका. पाय वाचवण्यासाठी लागणाऱ्या बहुतेक गोष्टी घोडेगावसारख्या गावातही होतात, आणि त्यातल्या काही तर घरीच.

डॉक्टरांकडे वर्षातून किमान एकदा पायांची तपासणी करून घ्या. डॉक्टर बोटांनी पायाची नाडी पाहतील आणि बारीक नायलॉनच्या धाग्याने तळव्याची संवेदना तपासतील. घोट्याजवळचा रक्तदाब आणि दंडाचा रक्तदाब यांचे गुणोत्तर काढतात, त्याला एबीआय म्हणतात. ते ०.९ पेक्षा कमी असेल तर पायाच्या धमन्या अरुंद झाल्याची शक्यता असते. जुन्या मधुमेहात धमन्या कडक होतात, तेव्हा हा आकडा १.४ च्या वरही जातो. तोही चांगला नव्हे. शंका असेल तर कलर डॉप्लर करतात. तीदेखील सुई किंवा किरणांशिवाय होणारी तपासणी आहे आणि आवाजाच्याच लहरींवर चालते. त्यासाठी मोठ्या गावी जावे लागले तरी जा.

घरी रोज रात्री पाय धुऊन, कोरडे करून तळवे आणि बोटांच्या बेचक्या पाहा. वाकता येत नसेल तर आरसा धरा किंवा घरातील कोणाला पाहायला सांगा. आंबेगाव-जुन्नरच्या पश्चिमेला भात लावणीच्या दिवसांत तासन्‌तास चिखलात उभे राहावे लागते. मधुमेह असेल तर अनवाणी उतरू नका, आणि घरी आल्यावर पाय नक्की तपासा. बधिर पायात काटा गेलेला कळत नाही. थंडीत पाय शेकोटीजवळ धरणे, गरम पाण्यात बुडवणे किंवा गरम विटेने शेकणे टाळा. बधिर पाय भाजतो आणि समजत नाही. कुरूप ब्लेडने कापू नका. बिडी, सिगारेट आणि तंबाखू बंद करा, कारण विशेषतः धूर पायाच्या धमन्या वेगाने अरुंद करतो. रक्तशर्करा, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉलची औषधे नियमित घ्या. ३० वर्षांवरील प्रत्येकाची शुगर आणि रक्तदाब सरकारी आरोग्य केंद्रात मोफत तपासले जातात.

पुढीलपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी दवाखाना गाठा :

• बोट किंवा टाच काळी-निळी पडणे
• जखमेभोवती लाली, सूज, घाण वास किंवा पू येणे
• जखमेसोबत ताप किंवा थंडी वाजणे
• पाय अचानक थंड, पांढरा पडणे आणि खूप दुखणे; यात काही तासही मोलाचे असतात
• झोपल्यावर पाय दुखणे आणि खाली लोंबता सोडला की बरे वाटणे

लेझरने रक्तवाहिन्या साफ करून देतो किंवा लेझर तपासणीतून सगळे आजार सांगतो, असे कोणी म्हणाले तर पैसे देण्याआधी तुमच्या डॉक्टरांना विचारा. या लेखातील तपासणी रक्तवाहिनी दाखवते, ती मोकळी करत नाही.

बेल यांनी काजळीचा आवाज ऐकल्यापासून तो रुग्णाच्या त्वचेपर्यंत यायला शंभराहून अधिक वर्षे गेली. तुमच्या पायावरच्या जखमेकडे एवढा वेळ नसतो. यंत्र येईल तेव्हा येईल. आज रात्री पाय धुतल्यावर तळवे नीट बघा, आणि घरात मधुमेह असलेले वडीलधारे कोणी असतील तर त्यांचेही पाय हातात घेऊन बघा.